पोस्टग्रेसमध्ये नवं फीचर कधी ठरतं आणि आपण कधी बोलायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या कंपन्यांत पोस्टग्रेस हा ओपन-सोर्स डेटाबेस सांभाळणारे डीबीए आणि त्यावर कोड लिहिणारे डेव्हलपर जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: फीचर ठरत असतं तेव्हा आपल्याकडून कोणी बोलत नाही आणि बाजारात आल्यावर तक्रारी सुरू होतात. म्हणून इथे तारखांवर जरा जास्तच भर आहे. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी थेट प्रश्न १३ वर जावं.

१. पोस्टग्रेसचं नवं व्हर्जन नेमकं कधी येतं?

मेजर व्हर्जन वर्षातून एकदा, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरात. १५ आलं १३ ऑक्टोबर २०२२ ला, १६ आलं १४ सप्टेंबर २०२३ ला, १७ आलं २६ सप्टेंबर २०२४ ला आणि १८ आलं २५ सप्टेंबर २०२५ ला. चारही गुरुवार. प्रत्येक मेजर व्हर्जनला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, मग ते बंद. व्हर्जन १३ हे नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झालं, १४ ची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे.

मायनर व्हर्जन तिमाहीला येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. या चार तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.

२. मायनर अपडेट घेतलं तर नवी फीचर्स मिळतात का?

नाही. मायनरमध्ये फक्त बग आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. फाइली बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं. डंप-रिस्टोअर, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरणं, लागत नाही.

घोळ होतो तो जुन्या आकड्यांमुळे. १० च्या आधी ९.५ आणि ९.६ ही दोन वेगळी मेजर व्हर्जन होती. २०१७ मध्ये १० आलं आणि तेव्हापासून पहिला आकडा मेजर, दुसरा मायनर. अजूनही काही व्हेंडरच्या टेंडरमध्ये '१७.० ते १७.५ मेजर अपग्रेड' असं लिहिलेलं सापडतं आणि त्याचे पैसेही लावलेले असतात. सही करण्याआधी विचारा.

३. सप्टेंबरच्या व्हर्जनमध्ये काय असणार, हे कधी पक्कं होतं?

एप्रिलच्या सुरुवातीला. पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, तपासण्यासाठी वर्षात 'कमिटफेस्ट' नावाच्या पाच फेऱ्या होतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. मार्चचा संपला की काही दिवसांत फीचर फ्रीझ. गेल्या काही वर्षांत ही तारीख ८ एप्रिलच्या आसपास राहिली आहे. ती 'पृथ्वीवर कुठेही' या हिशेबाने मोजतात, म्हणजे जगातल्या सगळ्यात मागच्या टाइमझोनमध्ये तारीख उलटेपर्यंत मुदत असते. ती उलटते तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

त्यानंतर नवं फीचर आत जात नाही. आत गेलेलं बाहेर येऊ शकतं, त्यासाठी प्रश्न ४. १८ चा क्रम असा होता (बीटा म्हणजे लोकांनी तपासावं म्हणून आधी दिलेलं व्हर्जन): बीटा १ आलं ८ मे २०२५ ला, बीटा २ आलं १७ जुलैला, बीटा ३ आलं १४ ऑगस्टला, रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होण्याच्या बेतातलं व्हर्जन, ४ सप्टेंबरला आणि अंतिम व्हर्जन २५ सप्टेंबरला.

आता हा क्रम आपल्या वर्षाशेजारी ठेवून बघा. मार्चमध्ये फायनान्सवाले ईयर-एंडमध्ये बुडालेले. मे महिन्यात अर्धी टीम गावी. रिलीज कँडिडेट आला तो अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी आणि अंतिम व्हर्जन आलं नवरात्रात. आपल्याकडून कोणी बीटा तपासत नाही याला आळसाइतकंच हे वेळापत्रकही कारणीभूत आहे. त्यातल्या त्यात मोकळे दिवस जून ते ऑगस्टचे. पावसात निम्मे लोक घरून काम करत असतात, तेव्हा हे काम काढा.

४. फीचर कमिट झालंय, बातम्याही आल्यात. आमच्या मॅनेजरने ते क्लायंटच्या रोडमॅपवर टाकलंय. चालेल ना?

चालणार नाही. कमिट झालेलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलेलं, फीचर अंतिम व्हर्जनच्या आधी कधीही रिव्हर्ट होऊ शकतं, म्हणजे मागे घेतलं जाऊ शकतं, आणि असं बऱ्याचदा झालेलं आहे.

'मर्ज' कमांड २०१८ मध्ये ११ साठी कमिट झाली आणि काही दिवसांतच काढली गेली. ती लोकांच्या हातात पडली १५ मध्ये, म्हणजे २०२२ ला. एसक्यूएल-जेसनच्या सुविधा १५ च्या बीटात होत्या, लोकांनी त्यावर लेखही लिहून टाकले होते, पण सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला, रिलीजच्या तोंडावर, त्या काढल्या. काही भाग १६ मध्ये आला आणि बहुतेकांना हवी असलेली 'जेसन टेबल' १७ मध्ये. १७ च्या वेळीही तेच: कालावधीवर चालणाऱ्या प्रायमरी की मे २०२४ मध्ये मागे घेतल्या, त्या १८ मध्ये आल्या. पार्टिशन जोडण्या-तोडण्याच्या कमांड ऑगस्ट २०२४ मध्ये मागे घेतल्या.

रोडमॅपवर टाकायचंच असेल तर रिलीज कँडिडेट बाहेर पडल्यावर टाका. त्याआधी क्लायंटला तारीख सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातल्या पैशांवर उधारी करणं.

५. इतकं तयार झालेलं काम काढून का टाकतात? रिलीज महिनाभर पुढे ढकलली तर काय बिघडेल?

ढकलून पाहिलेलं आहे. ९.५ यायला जानेवारी २०१६ उजाडला, कारण त्याआधीच्या ९.३ मधल्या किचकट बगांच्या निस्तरण्यात वेळ गेला. एका फीचरसाठी सगळ्यांना थांबवलं की पुढच्या वर्षाचं वेळापत्रकही सरकतं आणि तयार असलेली बाकीची फीचर्स विनाकारण अडकतात. तारीख पक्की असली तर लेखकालाही कळतं की या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, आणि तो अर्धवट पॅच घुसवायला धडपडत नाही.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे. अंतिम व्हर्जनमध्ये गेलेली रचना पाच वर्षं सांभाळावी लागते. कमांड कशी लिहायची, कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःबद्दलच्या नोंदींत) काय नोंदायचं, डिस्कवर काय जायचं, यातलं काहीही मायनरमध्ये बदलता येत नाही. त्यामुळे शंका असेल तर फीचर काढायचं, हा कल असतो. निर्णय प्रत्येक मेजर व्हर्जनसाठी नेमलेली रिलीज मॅनेजमेंट टीम करते. अडकलेल्या मुद्द्यांची 'ओपन आयटेम्स' यादी विकीवर सगळ्यांना दिसते. फीचर टिकणार की नाही याचा अंदाज बांधायचा असेल तर बातम्या सोडा आणि ती यादी वाचा.

कधी कधी फीचर तयार असतं पण बाहेरचं काहीतरी नसतं. वेळेनुसार क्रम लागणारे युयूआयडी (नोंदींना दिले जाणारे एकमेव ओळखक्रमांक), म्हणजे त्यांची सातवी आवृत्ती, हवे आहेत असं कित्येक जण १७ च्या आधीपासून म्हणत होते. पण त्याचं इंटरनेट मानक, आरएफसी ९५६२, प्रसिद्ध झालं मे २०२४ मध्ये. १७ चं फ्रीझ एप्रिलमध्येच झालं होतं. एका महिन्याने चुकामूक झाली आणि फंक्शन आलं १८ मध्ये, सप्टेंबर २०२५ ला. मसुद्यावर विसंबून घाई केली असती आणि शेवटच्या क्षणी मानकात एखादा बिट सरकला असता, तर ते पाच वर्षं तसंच वागवावं लागलं असतं. थांबले ते बरंच झालं, असं माझं मत.

६. बीटा उतरवलं. आता त्यात तपासायचं काय?

सगळ्यांनी तपासलेलं पुन्हा तपासू नका. टेस्ट सूट त्यांच्याकडे आहेच. शिवाय 'बिल्डफार्म' नावाखाली जगभरच्या लोकांनी दिलेली यंत्रं रोज कोड बांधून चालवतात. त्यांच्याकडे नाही ती तुमची क्वेरी आणि तुमचा लोड.

आधी रिलीज नोट्समधला 'जुन्या व्हर्जनवरून येताना' हा भाग पूर्ण वाचा. फीचर्सची यादी नंतर वाचली तरी चालेल. आपल्याला दणका बसतो तो याच भागातल्या एखाद्या ओळीमुळे. १२ मध्ये 'विथ' वापरून लिहिलेल्या क्वेरी मुख्य क्वेरीत विरघळू लागल्या आणि मुद्दाम अडसर म्हणून 'विथ' वापरणाऱ्यांचे प्लॅन, म्हणजे क्वेरी चालवायचे डेटाबेसने निवडलेले मार्ग, पालटले. १५ मध्ये 'पब्लिक' स्कीमात कोणीही टेबल बनवण्याची मुभा गेली आणि कितीतरी जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट तिथे आपटली. १८ मध्ये नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांचा संच) बनवताना डेटा चेकसम, म्हणजे डिस्कवरचा डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे, आपोआप चालू होतात. जुना क्लस्टर चेकसमविना असेल तर पीजी-अपग्रेड हे मेजर अपग्रेडचं साधन पुढे जायला नकार देतं. मग नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवायचा किंवा जुन्यावर आधी चालू करून घ्यायचे.

मग स्टेजिंगचा, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेतला, डेटा चढवा. तुमच्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समधल्या (क्वेरींना लागलेल्या वेळेची नोंद) सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या क्वेरी काढा आणि जुन्या-नव्या दोन्हींवर 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' करून प्लॅन शेजारी-शेजारी ठेवा. एकूण वेळापेक्षा प्लॅनचा आकार बघा: हॅश जॉइनच्या जागी नेस्टेड लूप आला का, अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी यांत केवढी तफावत आहे. १८ सारख्या व्हर्जनमध्ये वाचनाची पद्धतच बदलली आहे, म्हणून 'आयओ मेथड' ही सेटिंग वर्कर ठेवून एकदा आणि सिंक ठेवून एकदा, असं दोनदा मोजा. दोन्हींतला फरक विकासकांना थेट उपयोगी पडतो.

स्वतः कंपाइल करत असाल तर असर्शन (विकासकांसाठीच्या कोडमधल्या जादा तपासण्या) चालू ठेवून वेग मोजू नका. तो आकडा निरर्थक असतो, आणि तसा आकडा पाठवणारे दरवर्षी निघतात.

७. कंपनी बीटासाठी सर्व्हर देत नाही. काय करू?

डॉकरची बीटा इमेज निघते, लॅपटॉपवर चालते. प्लॅन तपासायला प्रॉडएवढं (प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरएवढं) यंत्र लागत नाही, प्रॉडसारखा डेटा लागतो. एवढंच की एका बीटावरून दुसऱ्यावर जाताना कॅटलॉग बदललेला असू शकतो, तेव्हा तोच डेटा फोल्डर जसाच्या तसा उघडेल या भरवशावर राहू नका. डंप हाताशी ठेवा. आणि बीटावर प्रॉड चालवायचा विचार कोणी बैठकीत मांडलाच, तर 'नाही' म्हणा.

८. ॲमेझॉनवर आरडीएस ही त्यांची डेटाबेस सेवा वापरतो. तिथे बीटा मिळतो का? आम्ही पेमेंटमध्ये आहोत.

आरडीएसचं प्रीव्ह्यू एन्व्हायर्नमेंट आहे आणि त्यात बीटा मिळतो. पण ते मुंबई रीजनमध्ये नाही, अमेरिकेतल्या ओहायोत आहे, आणि तिथला इन्स्टन्स ६० दिवसांनी पुसला जातो.

पेमेंटवाल्यांसाठी अडचण इथेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट सिस्टिमचा डेटा फक्त भारतात ठेवायचा आहे. तेव्हा खऱ्या व्यवहारांची प्रत ओहायोला चढवू नका, 'फक्त टेस्टिंग आहे' ही सबब ऑडिटरपुढे टिकत नाही. दोन वाटा उरतात. मुंबई रीजनमध्ये साधं व्हर्च्युअल मशीन घेऊन त्यावर बीटा स्वतः बसवा. किंवा बनावट डेटा तयार करून ओहायोला न्या, मात्र त्यात मूल्यांची विभागणी खऱ्यासारखी ठेवा. सगळी रँडम मूल्यं भरली तर प्लॅनर वेगळाच वागतो. तुमच्याकडे निम्मे व्यवहार पाच-दहा मोठ्या व्यापाऱ्यांचे असतील तर बनावट डेटातही तसेच हवेत.

९. अडचण सापडली. कळवायची कुठे आणि कशी लिहायची?

पोस्टग्रेसच्या साइटवर बग कळवायचा फॉर्म आहे. भरला की नंबर मिळतो आणि मजकूर जाहीर चर्चेत जातो. म्हणून क्लायंटचं नाव, आयपी, खरे खातेक्रमांक आधी काढा. सुरक्षेतली खोट असेल तर हा रस्ता वापरायचा नाही. त्यासाठी खासगी पत्ता वेगळा दिलेला असतो.

मजकुराचा नमुना. आपल्याकडून साधारण असा जातो: '१८ वर आमचा रिपोर्ट फार स्लो झाला, अर्जंट आहे, कृपया मदत करा.' यावर कोणी काही करू शकत नाही. तोच असा लिहा: '१८ बीटा २, उबंटू २२.०४. टेबलात ४ कोटी ओळी, शाखा या कॉलमात १२०० वेगळी मूल्यं. खालची क्वेरी १७ वर ३ सेकंद, इथे ४० सेकंद. दोन्ही प्लॅन जोडले आहेत. खालच्या स्क्रिप्टने रिकाम्या डेटाबेसवर हाच फरक दिसतो. सेटिंगमध्ये एवढीच दोन मूल्यं बदललेली आहेत.' सगळ्यात मोलाची ती स्क्रिप्ट. स्वतःच्या यंत्रावर पाच मिनिटांत जे घडवून बघता येतं, त्याला उत्तर लवकर मिळतं. स्क्रीनशॉट नकोत, प्लॅन मजकूर म्हणूनच द्या.

इंग्रजी साधी असली तरी चालते. 'अर्जंट' आणि 'काइंडली डू द नीडफुल' तेवढं गाळा.

१०. पाठवून आठवडा झाला, कोणी दखल घेतली नाही.

बहुधा मजकुरात स्क्रिप्ट नसेल, म्हणून प्रश्न ९ बघा. ती असूनही शांतता असेल तर त्याच चर्चेत नवी माहिती घालून पुन्हा लिहा: पुढच्या बीटावर तपासून 'अजूनही दिसतंय' असं. नवा धागा उघडू नका. बीटाच्या काळातल्या तक्रारी ओपन आयटेम्समध्ये जाऊ शकतात आणि तिथे गेल्या की रिलीजआधी त्यांचं काहीतरी करावंच लागतं. तीच तक्रार नोव्हेंबरात केली तर बग असेल तर दुरुस्त होईल, पण 'हे असं नको होतं' प्रकारातली असेल तर थेट पुढच्या वर्षाच्या रांगेत. पंगत उठल्यावर आमटीत मीठ कमी होतं सांगून काय उपयोग?

११. पोस्टग्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती सी मला येत नाही. माझ्या मताला किंमत आहे का?

आहे. सीमधला पॅच वाचणारे थोडे असले तरी मिळतात. महिन्याच्या १ तारखेला पगाराची बॅच चालवून 'इथे अडतंय' सांगणारे मिळत नाहीत. ११ मध्ये जेआयटी (क्वेरी चालतानाच तिचं यंत्रभाषेत रूपांतर करणारी सोय) आलं तेव्हा बीटात ते चालू होतं, रिलीजच्या आधी ते मुळात बंद ठेवायचं ठरलं, आणि १२ मध्ये पुन्हा चालू झालं. मूळ सेटिंग चालू असावी की बंद, असे निर्णय वापरणाऱ्यांच्या अनुभवावरच होतात.

दस्तऐवज वाचून 'हे वाक्य दोन अर्थांनी लागतं' एवढं कळवणंही काम आहे, आणि कमिटफेस्टमध्ये पॅच लावून 'सांगितल्याप्रमाणे चालतो, या तीन ठिकाणी चालत नाही' असं लिहिणं तर रिव्ह्यूच झाला.

१२. स्वतः पॅच लिहिलाय. पाठवायला चांगली वेळ कोणती?

मोठा असेल तर जुलै किंवा सप्टेंबर. मोठं काम पहिल्यांदाच मार्चच्या कमिटफेस्टमध्ये टाकलं तर ते पुढे ढकललं जाणार हे गृहीत धरा. बीटाच्या महिन्यांत सगळ्यांचं लक्ष दुरुस्त्यांकडे असतं, तेव्हा नव्या पॅचला उत्तर उशिरा येतं. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. आणि रीत अशी की स्वतःचा पॅच टाकला तर तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासून द्यायचा. हे न करणारे लोक लक्षात राहतात.

१३. आम्ही मायएसक्यूएलवर आहोत. तिथेही असंच चालतं का?

नाही. ८.० च्या काळात नवी फीचर्स मायनरमधूनच येत होती. हॅश जॉइन ८.०.१८ मध्ये आला. त्यामुळे 'फक्त पॅच लावला' म्हणणाऱ्याचाही डेटाबेस बदललेला असायचा. जुलै २०२३ पासून दोन वाटा झाल्या: इनोव्हेशन, ज्यात फीचर्स येतात, आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळलेली, जी स्थिर राहते. पहिली एलटीएस ८.४, एप्रिल २०२४ ची. मत द्यायचं असेल तर इनोव्हेशन तपासा, प्रॉडला एलटीएस ठेवा. ८.४ मध्ये जुनं नेटिव्ह पासवर्ड प्लगिन मुळात बंद केलं आणि ९.० मध्ये काढून टाकलं. इनोव्हेशनकडे लक्ष ठेवणाऱ्यांना असा पुढचा रोख आधी दिसतो. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीतही एलटीएस आणि मधली व्हर्जन असाच भेद आहे.

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वेगळ्याच पंथाचा. कोड सार्वजनिक मालकीचा, पण बाहेरचे पॅच सहसा घेत नाहीत. बग मात्र आनंदाने ऐकतात.

१४. आमचं स्वतःचं ओपन-सोर्स एक्स्टेंशन (पोस्टग्रेसला जोडायचा जादा भाग) आहे. आम्ही नवं फीचर कधी काढावं, आणि युझर बोलतच नाहीत त्याचं काय?

वेळेचं आधी. पोस्टग्रेसच्या बीटा १ वर तुमचं एक्स्टेंशन बांधून बघा, कारण आतली फंक्शन दरवर्षी बदलतात. सप्टेंबरात नव्या व्हर्जनला चालणारी आवृत्ती तयार ठेवा आणि त्या आवृत्तीत स्वतःचं नवं फीचर घालू नका. काही मोडलं तर दोष पोस्टग्रेसच्या बदलाचा की तुमच्या, हे कळायलाच दिवस जातात. तुमचं फीचर जानेवारीत काढा.

नवं वर्तन पहिल्या खेपेला बंद ठेवा आणि बंद करायची वाट कायम राहू द्या. 'विथ'च्या बदलाबरोबर (प्रश्न ६) १२ मध्ये 'मटेरिअलाइझ्ड' हा शब्द दिला गेला, म्हणून ज्यांचे प्लॅन बिघडले त्यांना एका शब्दात जुनं वागणं परत मिळालं. बदल पचला तो त्यामुळे.

आता युझरांचं. 'नवं फीचर कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' एवढंच येतं, आणि ते लिहिणाऱ्याने बहुधा चालवलेलंही नसतं. अरुंद प्रश्न विचारा: 'रांग भरल्यावर लिहिणं थांबावं की जुन्या नोंदी टाकाव्यात? तुमच्याकडे रांग दिवसातून किती वेळा भरते?' बँकांतले लोक टेलिमेट्री (वापराची माहिती आपोआप पाठवणं) चालू करू देणार नाहीत, तो नाद सोडा. त्याऐवजी पीजी-सेटिंग्ज या सेटिंगच्या यादीतून मुळापासून बदललेली मूल्यं दाखवणारी एक क्वेरी द्या आणि तिचा निकाल मागवा. कोणी काय बंद केलंय हे दिसलं की तुमची मूळ मूल्यं कुठे चुकतात ते कळतं. सर्व्हे फॉर्मपेक्षा हे कितीतरी खरं.

आणि सोडून गेलेल्यांना विचारा. आहेत ते सवयीने आहेत.

१५. अपग्रेड कधी करावं? '.१ येईपर्यंत थांबा' हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. .१ नोव्हेंबरात येतंच, आणि आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर तसाही दिवाळीच्या चेंज फ्रीझमध्ये जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ईयर-एंडमुळे कोणी हात लावू देत नाही. उरतो जानेवारी. मुंबईच्या वित्तक्षेत्रात तोच महिना धरा, आणि तेव्हा पूर्ण व्हायचं असेल तर तपासणी पावसाळ्यातच सुरू झालेली हवी.

पण नुसतं थांबल्याने बग सापडत नाहीत. १४ मध्ये 'कॉन्करंटली', म्हणजे टेबलात लिहिणं न थांबवता, इंडेक्स बांधताना इंडेक्स बिघडू शकणारा बग होता. दुरुस्ती १४.४ मध्ये, जून २०२२ ला, वेळापत्रकाबाहेर आली. म्हणजे .१, .२ आणि .३ ला थांबलेलेही त्यात होते.

१६. मायनर सुरक्षित असतं म्हणता, मग १७.१ नंतर आठवड्यात १७.२ कसं आलं?

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. १७.१ आलं १४ तारखेला. त्यात एका आतल्या रचनेचा आकार बदलला आणि आधी बांधलेली काही एक्स्टेंशन अडचणीत आली. त्यात टाइमस्केल हे एक्स्टेंशनही होतं. २१ तारखेला १७.२ काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्येही १३ ला १७.३ आणि २० ला १७.४ असं झालं, तेव्हा सुरक्षेच्या दुरुस्तीतच चूक राहिली होती.

यावरून मायनर टाळायचं नाही. नुसतं पोस्टग्रेस असेल तर दोन-चार दिवसांत लावा. सी-मधली एक्स्टेंशन असतील तर आठवडाभर थांबून त्यांच्या लोकांचं म्हणणं बघा, गंभीर सुरक्षा दुरुस्ती असेल तेव्हा मात्र थांबू नका.

१७. मराठी आडनावांची यादी चुकीच्या क्रमाने येते. हा बग कुठे नोंदवू?

आधी कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचे नियम, कोणती आहे ते बघा. 'सी' किंवा १७ पासून आलेली अंगभूत कोलेशन असेल तर क्रम युनिकोडच्या आकड्यांनुसार लागतो. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, म्हणून 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे 'कावळे' आधी हवं. पोस्टग्रेसच्या दृष्टीने हा बग नाही, तुम्ही मागितलेलं त्याने दिलं. त्या कॉलमला किंवा 'ऑर्डर बाय'ला मराठीची आयसीयू (युनिकोडची भाषांसाठीची लायब्ररी) कोलेशन लावून बघा.

तीही मनासारखी नसेल तर नियम येतात युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यातून. बदल तिथे सुचवायचा. तो मान्य झाला की आयसीयूच्या पुढच्या व्हर्जनमध्ये येतो आणि मग तुमच्या लिनक्सच्या पॅकेजमध्ये. इथे पोस्टग्रेसचं फ्रीझ लागूच होत नाही. उलट ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली की क्रम बदलतो आणि इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात. २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ने असंच जगभरच्या लोकांना कामाला लावलं होतं.

१८. फुल-टेक्स्ट सर्चमध्ये हिंदी, नेपाळी, तमिळ आहे. मराठी का नाही, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये यायला काय करावं लागेल?

शब्दांची मूळ रूपं काढणारे नियम पोस्टग्रेस स्वतः लिहीत नाही, ते स्नोबॉल नावाच्या वेगळ्या ओपन-सोर्स प्रकल्पातून घेतं. तिथे मराठी नाही, म्हणून इथे नाही. पोस्टग्रेसकडे मागणी केली तर ते तिकडेच बोट दाखवतील.

करायचं काम असं: 'घराच्या', 'घरातून', 'घरांसाठी' या सगळ्यांना एका मुळावर आणणारे नियम स्नोबॉलच्या भाषेत लिहायचे, सोबत शब्दांची मोठी चाचणी यादी द्यायची आणि प्रकल्पाकडे पाठवायचं. मराठीत सामान्यरूप आडवं येतं: 'पाणी' चं 'पाण्यात', 'सासू' चं 'सासवेला'. नुसते प्रत्यय छाटून भागत नाही. स्नोबॉलने स्वीकारलं की पोस्टग्रेस अधूनमधून त्यांचा कोड आत घेतं तेव्हा मराठी येईल, तेही फक्त मेजर व्हर्जनमध्ये आणि फ्रीझच्या आधी. म्हणजे आज सुरुवात केली तरी दीड-दोन वर्षं धरा. तोपर्यंत 'सिंपल' कॉन्फिगरेशन आणि ट्रायग्राम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) इंडेक्स यांवर बऱ्यापैकी काम निघतं.